प्रत्यारोपण मोजलं, विषाणू कोण मोजणार?

किडनी प्रत्यारोपणाची बातमी आपल्याकडच्या पेपरांत एकाच साच्यात येते. हॉस्पिटलचा हॉल, मधोमध रुग्ण, शेजारी किडनी देणारी आई किंवा बायको, मागे डॉक्टरांची रांग, हातात पुष्पगुच्छ. मथळाही ठरलेला: ‘आईने दिलं मुलाला दुसऱ्यांदा जीवदान’. पारोळा, शहादा, चोपडा, साक्री, कुठल्याही तालुक्याचं नाव घाला, बातमी तीच. मला तिचं वावडं नाही. १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आपल्या देशातलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण झालं आणि २०२३ साली सगळ्या अवयवांची मिळून १८,००० हून जास्त प्रत्यारोपणं देशात झाली. ही मजल कौतुकाचीच. माझी तक्रार आहे ती मोजणी कुठे थांबते याबद्दल. सरकार, हॉस्पिटल, पेपर, सगळे ऑपरेशन मोजतात आणि रुग्णाला गाडीत बसवून गावाला धाडतात. गावात पोचल्यावर त्याच्या रक्तात जे वाढू लागतं ते मोजायचं काम रुग्णाच्या खिशावर आणि कुरिअरवाल्याच्या मर्जीवर सोडलेलं असतं.

मी जळगावात पॅथॉलॉजी लॅबच्या कामात आहे. डॉक्टर नाही. रक्त घ्यायचं, मशीनवर लावायचं, इथे होत नसेल ते मोठ्या लॅबला पाठवायचं, हा माझा धंदा. तेव्हा पुढचं सगळं काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिलेलं आहे. माझं म्हणणं असं की प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत रक्तातल्या विषाणूंची ठरल्या वेळी मोजणी आणि त्यावरच्या औषधाचा अखंड पुरवठा, या दोन्ही गोष्टी ऑपरेशनचाच भाग धरल्या पाहिजेत आणि त्या रुग्णाला त्याच्या जिल्ह्यात मिळाल्या पाहिजेत. का, ते कळायचं असेल तर विषाणू कसा बदलतो हे थोडं खोलात जाऊन बघावं लागेल. वाचकांनी कंटाळू नये. कापूस लावणाऱ्या माणसाला यातलं काही नवीन नाही.

प्रत्यारोपणाच्या रुग्णाला सर्वाधिक छळणारा विषाणू बाहेरून कुणी आणत नाही. सायटोमेगॅलोव्हायरस असं त्याचं लांबलचक नाव, लॅबमध्ये सगळे सीएमव्हीच म्हणतात. अंगावर नागीण उठवणारा विषाणू ज्या हर्पीस कुळातला, त्याच कुळातला हा. आपल्या देशात दहातल्या नऊपेक्षा जास्त प्रौढांना तो लहानपणी कधीतरी होऊन गेलेला असतो, आईच्या दुधातून नाहीतर भावंडांच्या लाळेतून. होऊन गेला असं आपण म्हणतो खरं, पण तो जात नाही. अस्थिमज्जेतल्या पेशींमध्ये आयुष्यभर मुक्काम ठोकतो. तुमच्यात असेल, माझ्यात असेल. तो डोकं वर काढत नाही याचं कारण टी-पेशींचा, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या आपल्या पांढऱ्या पेशींचा पहारा. आपल्या शरीरातल्या अनुभवी टी-पेशींपैकी साधारण दहावा हिस्सा या एकट्या पाहुण्यावर नजर ठेवण्यात गुंतलेला असतो, म्हणजे बघा.

आणि पहारा चुकवण्यात तो पक्का वस्ताद आहे. कुठल्याही पेशीत विषाणू शिरला की ती पेशी आतल्या प्रथिनांचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडते, टी-पेशी ते बघते आणि ओळखते. तुकडे मांडायचं काम एमएचसी वर्ग-१ नावाचे रेणू करतात. सीएमव्हीची यूएस२ आणि यूएस११ ही जनुकं हे रेणू पेशीच्या आतच मोडीत काढायला लावतात, यूएस३ त्यांना वाटेत अडवून धरतं आणि यूएस६ तुकड्यांची वाहतूकच बंद पाडतं. मग पृष्ठभाग रिकामा दिसतो. रिकामा पृष्ठभाग पाहून नॅचरल किलर पेशींना संशय यायला हवा, तर त्यांना दाखवायला यूएल१८ नावाचा एक नकली एमएचसी हजर. वरून आपल्याच शरीरातल्या इंटरल्यूकिन-१० या शांत राहा सांगणाऱ्या रसायनाची नक्कलही हा विषाणू बनवतो. ही सगळी विद्या लाखो वर्षांची आहे, माणसाबरोबर राहून कमावलेली. निरोगी माणसात एवढं करूनही टी-पेशी त्याला वरचढ ठरतात. प्रत्यारोपणानंतर टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन सुरू होतात, परक्या किडनीवर टी-पेशींनी हल्ला करू नये म्हणून. किडनी वाचते, आणि त्याच गोळ्यांनी पहारेकरीही पेंगतात.

इथपर्यंत जे सांगितलं ती विषाणूची वडिलोपार्जित कमाई. प्रत्यारोपणाच्या रुग्णात यापुढे आणखी एक गोष्ट घडते आणि तिच्याबद्दल बोलायला मी हा लेख लिहितोय. त्या एका माणसाच्या शरीरात, काही महिन्यांत, विषाणू नव्याने बदलतो.

गुलाबी बोंडअळीचं काय झालं ते खानदेशात कुणाला सांगायला नको. अळीला मारणारं विष स्वतःच बनवणारा बीटी कापूस आला तेव्हा अळी मरत होती. २०१० पर्यंत गुजरातमध्ये पहिल्या पिढीच्या बीटीला न जुमानणारी अळी सापडली आणि २०१७ च्या हंगामात दोन जनुकांचं बीटीही खाऊन तिने महाराष्ट्रातला कापूस झोपवला. अळीला कुणी शिकवलं नव्हतं. लाखोंतल्या एखाद्या अळीत आधीच असलेला बदल विषात टिकला, बाकीच्या मेल्या, तिची पिलावळ वाढली. आणि आपण फरदड घेऊन, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी शेतात उभी ठेवून, तिला खायला-राहायला पुढचे चार महिने मोकळं रान दिलं. निवड करणारा दाब आणि पिढ्या काढायला मिळालेला वेळ, एवढ्या दोन गोष्टींवर उत्क्रांती चालते. प्रत्यारोपणाच्या रुग्णात दोन्ही मिळतात. पेंगलेल्या पहाऱ्यामुळे वेळ मिळतो, आणि अर्ध्यामुर्ध्या औषधाने दाब.

सीएमव्हीवरचं नेहमीचं औषध म्हणजे गॅनसायक्लोव्हिर, गोळीच्या रूपात वालगॅनसायक्लोव्हिर. गंमत अशी की हे औषध जसंच्या तसं काम करत नाही. विषाणूचंच यूएल९७ नावाचं एक एन्झाइम त्याच्यावर पहिला संस्कार करतं, तेव्हा कुठे ते विषाणूच्या डीएनएची जुळणी थांबवतं. म्हणजे विषाणूने स्वतःच्या फाशीचा दोर स्वतः वळायचा. यूएल९७ मध्ये ५९४ किंवा ५९५ अशा एखाद्या जागी एकच अमायनो आम्ल बदललं की दोर वळणं जवळपास थांबतं. विषाणूचं बाकी सगळं सुरळीत चालू राहतं, औषध तेवढं निकामी. असा विषाणू असताना तेच औषध पुढे रेटलं तर यूएल५४ मध्ये, म्हणजे डीएनए जुळवणाऱ्या एन्झाइमातच बदल जमा होतात, आणि मग सिडोफोव्हिर, कधी फॉस्कार्नेट ही मागच्या फळीतली औषधंही हातची जातात. तीही असती तरी काय, दोन्ही किडनीला घातक. ज्या किडनीसाठी एवढा आटापिटा, तिलाच मारणारी औषधं. अमेरिकेत २०२१ साली मॅरिबॅव्हिर नावाचं नवं औषध खास अशा हट्टी संसर्गासाठी मंजूर झालं. एरंडोलच्या कोरडवाहू शेतकऱ्याने ते फक्त वाचायचं.

आता अर्धामुर्धा डोस कसा होतो ते सांगतो, कारण लोकांना वाटतं रुग्ण अडाणी असतो म्हणून होतो. पारोळ्याकडच्या एक वहिनी नवऱ्याचं क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसली की रक्तात वाढणारा टाकाऊ पदार्थ) आणि टॅक्रोलिमसची पातळी तपासायला येतात. किडनी सासूबाईंनी दिलेली. एकदा पिशवीतून ४५० मिलिग्रॅमची गोळ्यांची पट्टी काढून त्यांनी विचारलं, ‘‘भाऊ, हाई गोयी येक दिन आड दिधी ते चाली का?’’ मी म्हटलं, ताई, डॉक्टरांनी रोज दोन लिहिल्यात. त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं. अमळनेर तालुक्यातल्या एका ओळखीच्या पेशंटला त्याच डॉक्टरांनी हीच गोळी दिवसाआड एक लिहिली होती, त्याचं प्रिस्क्रिप्शन त्यांनी स्वतः पाहिलं होतं. तो बरा आहे, मग आपणच रोज दोन का घालायच्या?

प्रश्न अगदी रास्त. या गोळीचा डोस किडनी किती गाळते त्यावर ठरतो. गाळण्याचा वेग मिनिटाला ६० मिलिलिटरच्या वर असेल तर संसर्ग होऊ नये म्हणून रोज ९०० मिलिग्रॅम, ४० ते ५९ असेल तर रोज ४५०, २५ ते ३९ असेल तर ४५० दिवसाआड. अमळनेरच्या त्या माणसाची किडनी ऑपरेशननंतर हळू सुरू झाली होती, म्हणून दिवसाआड. ती नंतर सुधारली असेल तर त्याचाही डोस वाढायला हवा होता. कागद मात्र जुनाच राहिला, कारण पुढची अपॉइंटमेंट मुंबईत आणि मुंबई चारशे किलोमीटर. याउलट, गोळीने पांढऱ्या पेशी घटल्या की घाबरून गावातला डॉक्टर डोस निम्मा करतो आणि तो पुन्हा पूर्ववत करायला कुणी सांगत नाही. महिन्याचा खर्च हजारोंत असला की पट्टी लांबवण्याचा मोह वेगळाच. यातला कुठलाच माणूस मूर्ख नाही, बेजबाबदारही नाही. मधे कुणी नाही, एवढंच.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. औषधाला न जुमानणाऱ्या सीएमव्हीचा सगळ्यात मोठा धोका असतो तो देणारा आधी बाधित आणि घेणारा कधीच बाधित नसलेला, अशा जोडीत. पाश्चात्त्य देशांत अशा जोड्या पुष्कळ. आपल्याकडे दोघेही बहुधा लहानपणीच बाधित झालेले, त्यामुळे ते प्रमाण आपोआप कमी राहतं. पण लहान मुलांची प्रत्यारोपणं, शरीराने किडनी नाकारू नये म्हणून सुरुवातीला टी-पेशींवर दिलेली जबर इंजेक्शनं, आणि औषधातले खाडे, या तिन्हींनी ते कमीपण खाऊन टाकलं जातं. पहिल्या दोन गोष्टी डॉक्टरांच्या हातात. खाडे व्यवस्थेच्या हातात.

बीके या दुसऱ्या विषाणूची कथा आणखी अवघड, कारण त्याच्यावर खात्रीचं औषधच नाही. १९७१ साली लंडनमध्ये एका किडनी प्रत्यारोपणाच्या रुग्णाच्या लघवीत तो पहिल्यांदा सापडला आणि त्या रुग्णाची आद्याक्षरं विषाणूला कायमची चिकटली. जेमतेम पाच हजार अक्षरांचा डीएनए. सीएमव्हीचा दोन लाख पस्तीस हजारांचा असतो, त्यापुढे हा किरकोळच. तोही बहुतेकांच्या किडनीत लहानपणापासून झोपलेला. प्रत्यारोपणानंतर जागा झाला तर किडनीच्या ऊतींमध्ये जळजळ होते, ठिकठिकाणी इजा होते आणि क्रिएटिनिन वाढतं. क्रिएटिनिन वाढलं की पहिला संशय शरीराने किडनी नाकारली असा येतो. नकार समजून पहारा आणखी दाबला तर बीके मोकाट, आणि बीके समजून पहारा सैल सोडला तर खरोखरचा नकार. बायोप्सी आणि रक्तातला बीकेचा आकडा यांच्याशिवाय हा पेच सुटत नाही.

बदलण्यात हा सीएमव्हीपेक्षा चपळ. रुग्णाच्या शरीरात राहता राहता त्याच्या डीएनएमधला जनुकांना चालू-बंद करणारा पट्टा तुटून वेगळ्या क्रमाने जुळतो आणि असे फेरजुळणी झालेले विषाणू जास्त वेगाने वाढतात. शिवाय त्याच्या बाहेरच्या कवचात, व्हीपी१ या प्रथिनात, अँटिबॉडी जिथे चिकटते नेमके तिथे बदल साठत जातात. गंमत म्हणजे यातले बरेच बदल आपल्याच पेशींतल्या एपोबेक नावाच्या एन्झाइमांच्या खुणा बाळगतात. विषाणूचा डीएनए नासवायला निघालेलं आपलं हत्यार त्याच्या पिढ्यांना नवनवे चेहरे पुरवून जातं. हे सगळं व्हायला विषाणूला महिनोन्महिने मोठ्या संख्येने वाढत राहावं लागतं. लवकर पकडला तर मायकोफेनोलेट कमी करून, टॅक्रोलिमसची पातळी थोडी खाली आणून टी-पेशींना जरा जागं करता येतं, आणि त्या त्याला आवरतात. म्हणून तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय शिफारशी सांगतात की पहिले नऊ महिने दर महिन्याला आणि मग दोन वर्षांपर्यंत दर तीन महिन्यांनी रक्तातला बीके मोजा. औषध नसलेल्या रोगात मोजणी हाच उपचार आहे. हे वाक्य मी दहा ठिकाणी बोललो असेन, कुणी लक्ष दिलं असं वाटलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

आता ती मोजणी आमच्याकडे कशी होते ते बघा. जांभळ्या बुचाची नळी, तीन-चार मिलिलिटर रक्त. प्लाझ्मा वेळेत वेगळा करायचा, थंड ठेवायचा, बर्फाच्या पॅकसकट थर्माकोलच्या डब्यात घालायचा आणि संध्याकाळच्या गाडीने मुंबईला. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या आसपास असतो, गाडी कुठेतरी घाटात अडकते, डबा उघडेपर्यंत बर्फाचं पाणी झालेलं. तिकडे नमुना नाकारला गेला तर पुन्हा रक्त. नाही नाकारला तर चार-पाच दिवसांनी मोबाइलवर पीडीएफ. तेवढ्यात काय होतं? उपचार नसलेला सीएमव्ही रक्तात साधारण दिवसाला दुप्पट होऊ शकतो. आठवड्याची दिरंगाई म्हणजे १२८ पट. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

बरं, आकडा हातात आला तरी तो वाचायचा कसा? मागच्या वेळचा रिपोर्ट एका लॅबचा, ‘कॉपीज’मध्ये, म्हणजे विषाणूच्या प्रतींत. या वेळचा दुसऱ्या लॅबचा, आंतरराष्ट्रीय एककांत. मागच्या वेळी २,०००, या वेळी ४,५००. घरातले हबकून जातात. प्रत्यक्षात एकाच लॅबमध्ये एकाच एककात मोजलं तरीसुद्धा तिपटीपेक्षा कमी फरक हा खरा फरक धरत नाहीत, तपासणीतच तेवढं मागेपुढे होतं. सीएमव्हीसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण २०१० सालापासून आहे, पण रुग्ण प्रत्येक वेळी जिथे स्वस्त पडेल तिथे जाणार असेल तर प्रमाणाचा उपयोग शून्य. एका माणसाच्या सगळ्या मोजण्या एकाच ठिकाणी झाल्या, तरच चढ-उतार दिसतो. तालुक्याच्या ठिकाणी तर इथवरही गाडी येत नाही. ताप आणि जुलाब घेऊन आलेल्या प्रत्यारोपणाच्या रुग्णाची आधी टायफॉइडची विडाल चाचणी होते, ती आपल्याकडे सगळ्यांचीच पॉझिटिव्ह येते, आणि टायफॉइड म्हणून सलाईन लागतं. कधी क्लॅरिथ्रोमायसिन लिहिलं जातं, त्याने टॅक्रोलिमसची पातळी भसकन वर जाते. पहारा आणखी गाढ झोपतो.

कोविडने यातला बराच भाग जगापुढे आणला. डिसेंबर २०२० मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर असलेल्या त्या माणसात करोना विषाणू पाच महिने टिकून होता आणि बदल नेमके काट्यांच्या प्रथिनात जमा होत होते. पुढच्या वर्षी केंब्रिजहून आणखी एक आली. रक्ताच्या कर्करोगाचा तो रुग्ण तीन महिन्यांहून जास्त काळ बाधित होता. बऱ्या झालेल्या लोकांचा प्लाझ्मा दिला की अँटिबॉडीला चकवणारा विषाणू वरचढ व्हायचा, प्लाझ्माचा जोर ओसरला की जुना परत यायचा. दोघांपैकी कुणीही प्रत्यारोपणाचे रुग्ण नव्हते, पण वेळ आणि अर्धा दाब हे सूत्र तेच. अल्फासारखे प्रकार अशाच एखाद्या लांबलेल्या संसर्गातून आले असावेत असा अनेक शास्त्रज्ञांचा कयास आहे. तो सिद्ध झालेला नाही.

हा मुद्दा धरून काही जण माझ्याच बाजूने बोलतात आणि तिथे माझं त्यांच्याशी जमत नाही. ते म्हणतात, या रुग्णांमध्ये नवे विषाणू तयार होतात, म्हणून समाजाच्या संरक्षणासाठी त्यांच्यावर खर्च करा. असं भय दाखवून मागितलेला निधी रुग्णाच्या अंगावर येतो. आधीच गावात ‘याच्याजवळ लेकरं नेऊ नका’ म्हणणारे कमी नाहीत. बदललेल्या सीएमव्हीची किंवा बीकेची साथ येत नाही. बहुतेकांत तो विषाणू आधीपासून आहे आणि त्यांचा पहाराही जागा आहे. धोका उलट्या दिशेने आहे, आपल्याकडून त्याला. २०२१ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या पाहणीत ६५८ प्रत्यारोपण रुग्णांपैकी कोविड लशीच्या दोन डोसांनंतरही फक्त ५४ टक्क्यांत अँटिबॉडी सापडल्या. म्हणजे त्याच्या स्वतःच्या लशीवर भिस्त ठेवता येत नाही, घरच्यांनी फ्लूची नि कोविडची लस घ्यायला हवी. कानबाईच्या रोटांना, आमच्या खानदेशातल्या सणाला, भाऊबंद एका पंगतीला बसतात तेव्हा नाक गळत असेल त्याने लांब बसावं, एवढं सांगायला कुठलं बजेट लागतं? त्या एका माणसाची किडनी टिकावी हे कारण मला पुरेसं वाटतं.

त्यावर हमखास येणारा आक्षेप असा की असे रुग्ण आहेत किती, त्यांच्यासाठी जिल्ह्यात वेगळी सोय कशाला? हा आक्षेप एचआयव्हीच्या बाबतीतही घेता आला असता. १ एप्रिल २००४ पासून सरकारने एचआयव्हीवरची औषधं फुकट द्यायला सुरुवात केली आणि आज जिल्ह्याच्या ठिकाणी एआरटी केंद्र असतं. तिथे गोळ्या मिळतात, विषाणूचा आकडा मोजला जातो, आणि समुपदेशक उरलेल्या गोळ्या मोजून विचारतो, दादा, या जास्त कशा राहिल्या? डोस चुकला की विषाणू बदलतो आणि औषध वाया जातं, हे शासनाला तिथे नीट कळलेलं आहे. २०१८ पासून कावीळ ब आणि क साठीही आकडा मोजणं आणि औषध मोफत आहे. तेच जीवशास्त्र प्रत्यारोपणाच्या रुग्णाला लागू होत नाही का? होतं. फक्त त्याची फाइल वेगळ्या टेबलावर आहे.

दुसरा आक्षेप पैशांचा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ साली अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेली, चांगलं केलं. राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णाला प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांसाठी महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे, तीही चांगली. पण प्रतिकारशक्ती दाबायला पैसे आणि दाबल्यामुळे जे उसळतं त्याला आवरायला रुग्णाचा खिसा, हा हिशेब कुठल्या गावचा? बरं, किडनी गेली तर तो माणूस डायलिसिसवर परततो. आठवड्याला तीन वेळा, वर्षाला दीडशेच्या वर. ते डायलिसिसही २०१६ च्या राष्ट्रीय कार्यक्रमातून सरकारच पुरवतं. आपल्याकडच्या बहुतांश किडन्या जिवंत नातेवाइकांनी दिलेल्या असतात; आईची एक किडनी वाया गेली की दुसरी मागता येत नाही, हा खर्च कुठल्याही पॅकेजात बसत नाही.

तिसरा आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो आणि तो डॉक्टरांकडून येतो: आकडा जिल्ह्यात मिळाला तरी त्याचं करणार कोण? नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे तज्ज्ञ, मोजके, आणि बीकेसाठी औषध कमी करायचा निर्णय ज्याने किडनी बसवली त्यानेच घ्यावा हे बरोबर आहे. तेव्हा निर्णय मुंबई, नाशिक, सुरत, अहमदाबाद, जिथलं असेल तिथलं केंद्र घेऊ दे. खानदेशातले रुग्ण चारही दिशांना जातात, नंदुरबारच्या माणसाला सुरतची गाडी जवळची पडते. निर्णय फोनवर येऊ शकतो. रक्त आणि गोळी फोनवरून जात नाहीत.

आणि मशीन? २०२० साली धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे आरटी-पीसीआर प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. सुरुवातीला जळगावचे नमुने बाहेर जात होते, काही महिन्यांत ते थांबलं. दुसऱ्या लाटेत नंदुरबारच्या ऑक्सिजन प्लांटचं देशभर नाव झालं, तेव्हा इथे काही होत नाही ही सबब आता चालायची नाही. सीएमव्ही आणि बीके दोघेही डीएनए विषाणू, म्हणजे आरएनएचा डीएनए करायची पहिली पायरीही लागत नाही. लागतो तो वेगळा किट, आकडा काढायला प्रमाणित द्रावणं, शिकवलेला माणूस आणि बाहेरून होणारी गुणवत्तेची तपासणी. अडचण वेगळीच आहे. प्रत्येक वेळी मशीन लावलं की प्रमाणित द्रावणं आणि कंट्रोल्स खर्ची पडतात, मग नमुना एक असो की वीस. एका जिल्ह्यात एका दिवशी दोनच नमुने आले तर ती चाचणी फार महाग पडते. म्हणून तीन जिल्ह्यांनी तीन सवते सुभे मांडू नयेत.

धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही रस्ते मिळतात. जळगाव आणि नंदुरबार दोन्हीकडून नमुना दोन-अडीच तासांत पोचतो, बर्फ वितळायच्या आत. आठवड्यातला एक दिवस सीएमव्ही-बीकेचा ठरवावा. तिन्ही जिल्ह्यांत आदल्या दिवशी रक्त घ्यावं, धुळ्याला एकाच एककात, एकाच किटवर चालवावं आणि दुसऱ्या दिवशी रिपोर्ट रुग्णाला आणि त्याच्या केंद्राला एकदमच जावा. वालगॅनसायक्लोव्हिर तिन्ही जिल्हा रुग्णालयांच्या औषध भांडारात असावं आणि ते देताना क्रिएटिनिन बघून डोस पुन्हा तपासणारा एक फार्मासिस्ट असावा. एआरटी केंद्रातल्या समुपदेशकाला हे काम नवीन नाही, त्यालाच चार दिवस शिकवलं तरी चालेल. यासाठी नवी इमारत नको, उद्घाटन नको, फलक नको. तीन वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाता आणि तीन जिल्हा शल्यचिकित्सक एका टेबलाशी बसून वार कुठला ते ठरवू शकतात. माझ्या मते मंगळवार बरा. सोमवारी ओपीडीत गर्दी फार असते.